पासपोर्ट, व्हिसा आणि इकामा : परमुलखात राहणाऱ्याचे कागद

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. पण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. थांबायला आपल्याला हक्काची जागा आहे, हे ती धरून चालते. कचेरीतले काम अडले तर माणूस घरी येतो, जेवतो, झोपतो आणि पुढच्या सोमवारी पुन्हा खेटे घालायला जातो. परदेशात राहणाऱ्या माणसाला ही सोय नसते. त्याचा कागद अडला की त्याचे तेथे राहणेच बेकायदा ठरते. तो थांबू शकत नाही आणि पुष्कळदा परतही येऊ शकत नाही. म्हणून परदेशातील कागदपत्रांचा विषय रूक्ष वाटला, तरी तो माणसाच्या मानेभोवतीच्या दोरीइतका जवळचा आहे.

माझे गाव गुडीहत्नूर. आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर ते लागते आणि तेथूनच एक रस्ता इंद्रवेल्ली, उटनूरकडे फुटतो. गावात मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी आणि बंजारा अशा भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. शेती कापसाची, सोयाबीनची, तुरीची, आणि तीही बहुतांशी पावसावर. १९७३ साली तेलाच्या किमती एकाएकी वाढल्या, आखाती देशांत पैसा आला, बांधकामे सुरू झाली, आणि तेव्हापासून करीमनगर, निजामाबाद, आदिलाबाद या जुन्या जिल्ह्यांतील माणसे दुबई, सौदी, मस्कत, कुवेत अशी नावे शेजारच्या तालुक्यासारखी घेऊ लागली. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना भटकळ, उडुपी, मंगळूरकडील अशीच घरे माहीत असतील. कोकणातील वाचकांना रत्नागिरीकडची आठवतील.

आमच्याकडे एक रिवाज आहे. कॉलेजात शिकणारा मुलगा सुटीत घरी आला, की ओसरीवर कागद घेऊन माणसे येतात. “बाबू, एवढं वाचून सांग बरं,” असे म्हणत प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला व्हिसा काढतात. गेली काही वर्षे हे कागद वाचता वाचता जे समजले, ते नीट लावून सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चार कागद, चार तारखा

गोंधळाचे मूळ असे, की ‘व्हिसा मिळाला’ या दोन शब्दांत लोक सारे काही आले असे समजतात. वस्तुतः येथे चार निरनिराळे कागद आहेत.

पहिला पासपोर्ट. तो आपण कोण आणि कोणत्या देशाचे, हे सांगतो. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. आपल्या मालकीचाही नसतो, मग तेथील मालकाच्या मालकीचा कोठून असणार? दुसरा व्हिसा. तो परक्या देशाच्या दारातून आत येण्याची परवानगी देतो आणि कशासाठी येता हेही ठरवतो. फिरायला, नातेवाइकांना भेटायला, शिकायला, की काम करायला. तिसरा रहिवासाचा परवाना. सौदी अरेबियात त्याला इकामा म्हणतात. संयुक्त अरब अमिरातींत एमिरेट्स आयडी, कुवेतमध्ये सिव्हिल आयडी, कतारमध्ये कतार आयडी. चौथा कामाचा करार. त्यात कोणाकडे, कोणते काम, किती पगारावर आणि किती दिवस, हे असते.

या चारही कागदांवर स्वतंत्र तारखा असतात आणि त्या एकमेकींची वाट पाहत नाहीत. पासपोर्टची मुदत दहा वर्षे असली म्हणून इकामा दहा वर्षे चालत नाही. इकामा चालू असला तरी पासपोर्ट संपत आला असेल, तर पुढची कामे अडतात. दूतावासात नव्या पासपोर्टासाठी अर्ज करायला दूरच्या गावाहून यावे लागते, आणि त्यासाठी मालकाने सुटी द्यावी लागते. तेव्हा पहिला नियम हा, की घरच्या कॅलेंडरवर या चारही तारखा लिहून ठेवाव्यात. जाणाऱ्याने तर लिहाव्यातच, पण मागे राहणाऱ्या बायकोने किंवा भावानेही लिहाव्यात.

तारखेच्या बाबतीत एक खोच आहे. सौदी अरेबियात अनेक वर्षे इकाम्याची मुदत हिजरी सनाप्रमाणे मोजली जाई. हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि ते आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणजे ‘एक वर्ष’ म्हणून मिळालेला परवाना आपल्या हिशेबाने अकरा दिवस आधी संपे. २०२३ च्या नोव्हेंबरात सौदी सरकारने सरकारी व्यवहारांसाठी इंग्रजी तारखा स्वीकारण्याचा निर्णय घेतला. तरी जुन्या कागदांवर दोन्ही सन आढळतात. आमच्या भागातील म्हाताऱ्यांना हा प्रकार नवा नाही. निजामाच्या राजवटीतील पहाणी पत्रकांवर फसली साल असे, आणि त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, हे गणित शेतीच्या वादापायी पुष्कळांना तोंडपाठ झाले होते.

१९८३ चा कायदा आणि दहावीची अट

भारतातून मजुरीसाठी बाहेर जाणाऱ्यांसाठी इंग्रजी अमदानीत १९२२ चा कायदा होता. त्याच्या जागी १९८३ साली नवा उत्प्रवास कायदा आला. त्यातील व्यवस्था थोडक्यात अशी आहे. जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टावर सामान्यतः ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ अशी नोंद असते. असा माणूस ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जाणार असेल, तर त्याला ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. या अठरांत सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान व बहारीन हे आखातातील सहाही देश आहेत. शिवाय मलेशिया, इराक, जॉर्डन, लिबिया वगैरे. तेलंगणातील लोकांसाठी हा अधिकारी हैदराबादला बसतो, महाराष्ट्रातील लोकांसाठी मुंबईला.

पुष्कळांना ही मंजुरी म्हणजे आणखी एक अडथळा वाटतो. पण तिच्यामागचा विचार समजून घेतला पाहिजे. मंजुरी देण्यापूर्वी परदेशातील मालक कोण, करारात पगार किती, एजंटाकडे परवाना आहे की नाही, हे तपासले जाते. गेल्या दहाबारा वर्षांपासून हे सारे ‘ई-मायग्रेट’ नावाच्या सरकारी संगणक व्यवस्थेतून होते, आणि एजंटाचा परवाना खरा की खोटा, हे कोणालाही तेथे पाहता येते. परवानाधारक एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी घेता येतो. त्याहून अधिक घेणे बेकायदा आहे. आमच्याकडे लाख-दीड लाख मोजलेले लोक मला भेटलेले आहेत. पावती मात्र एकाकडेही नव्हती.

याच मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढणे सक्तीचे आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये असा त्याचा हप्ता, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण. एका बकरीच्या किमतीहून कमी पैशांत मिळणारे हे संरक्षण मंजुरी टाळून गेलेल्या माणसाला मिळत नाही.

आता विद्यार्थी मित्रांनी येथे लक्ष द्यावे. दहावी झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. त्यामुळे तो स्वतःला अधिक मोकळा समजतो, पण सरकारी तपासणीचे छत्रही त्याच्या डोक्यावर नसते. आयटीआय झालेला वेल्डर, बी.एस्सी. झालेला प्रयोगशाळा सहायक, यांची फसवणूक होते ती याच मोकळेपणात. परिचारिकांच्या बाबतीत असे प्रकार वाढल्यावर सरकारने २०१५ पासून शिकलेल्या परिचारिकांनाही या देशांसाठी मंजुरी सक्तीची केली. बाकीच्यांनी आपली तपासणी आपणच करायची आहे. १९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २०२५ साली विधेयकाचा मसुदाही जाहीर झाला. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशीचा नियम पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

भेटीचा व्हिसा आणि ‘आझाद’ व्हिसा

मंजुरी टाळण्याची सर्वात रुळलेली वाट म्हणजे भेटीचा व्हिसा. एजंट सांगतो, “आधी व्हिजिटवर जा, तिथं गेल्यावर बदलून घेऊ.” भेटीच्या व्हिसावर काम करण्याची परवानगी नसते. मुदत तीस किंवा साठ दिवसांची. कंपनीने तेवढ्यात कामाचा व्हिसा काढून दिला नाही, की माणूस दर दिवसाला दंड भरू लागतो. अमिरातींत २०२२ पासून हा दंड दिवसाला ५० दिरहम, म्हणजे आपल्या हजार रुपयांच्या वर आहे. रोजगार बुडाला आणि दंड चालू, अशा दुहेरी कचाट्यात सापडलेला माणूस मग मिळेल त्या पगारावर, मिळेल तेथे काम करतो. त्याची तक्रार कोणी ऐकत नाही, कारण तक्रार करायला गेला तर आधी तोच पकडला जातो.

दुसरा प्रकार ‘आझाद’ व्हिसाचा. नाव मोठे सुंदर आहे. आझाद म्हणजे मोकळा. कोठेही काम करा, असा त्याचा अर्थ एजंट सांगतो. प्रत्यक्षात असा कोणताही व्हिसा कोणत्याही देशाने काढलेला नाही. एखादा मालक आपल्या नावावर व्हिसा काढून तो विकतो आणि आलेल्या माणसाला बाहेर काम करायला सोडतो, एवढाच त्याचा अर्थ. कागदावर माणूस एकाकडे, कामावर दुसऱ्याकडे. तपासणीत सापडला तर दोघांपैकी कोणीही त्याला ओळखत नाही.

पेशाचा रकाना

व्हिसावर आणि इकाम्यावर पेशाचा एक रकाना असतो. त्याकडे सर्वात कमी लक्ष जाते आणि त्याचेच महत्त्व सर्वात अधिक आहे. सौदी अरेबियात कंपनीतील कामगारांना कामगार कायदा लागू होतो. घरकाम करणारे, घरचा ड्रायव्हर, मेंढपाळ, शेतावरचा मजूर यांना मात्र तो कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळे आणि तोकडे नियम आहेत. त्यामुळे ‘ड्रायव्हर’ एवढे ऐकून पुरत नाही. कंपनीचा ड्रायव्हर आणि ‘सायक खास’ म्हणजे घरचा खासगी ड्रायव्हर, या दोघांच्या हक्कांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘आमिल मंझिली’ म्हणजे घरगडी. ‘राई’ म्हणजे गुरे-मेंढ्या राखणारा.

माझ्या मावसभावाला एका एजंटाने कंपनीच्या गाडीवर काम म्हणून सांगितले होते. व्हिसाचा कागद आला तो निम्मा अरबीत. इंग्रजी मी वाचले, त्यात पेशाचा शब्द मोघम होता. शेजारच्या चाचांना उर्दू वाचता येते, आणि उर्दूची लिपी अरबीवरूनच आलेली. त्यांनी चष्मा लावून बोटाने ओळ धरली आणि म्हणाले, “अरे, यह तो सायक खास लिखा है. घरकी गाडी है बेटा, कंपनी नहीं.” पैसे अजून दिलेले नव्हते. मावसभावाने तो व्हिसा परत केला आणि चार महिन्यांनी दुसऱ्या, परवाना असलेल्या एजंटाकडून गेला. आमच्या भागात उर्दू वाचणारी माणसे गावोगाव आहेत. त्यांच्यासमोर हा कागद एकदा ठेवण्याला काही फी पडत नाही.

नावाचा घोळ

आमच्या सीमाभागातील माणसाला आणखी एक अडचण येते, ती नावाची. मराठी रीतीने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम लागतो. तेलुगू रीतीने घराण्याचे नाव आधी येते आणि तेही पुष्कळदा एका अक्षराने. शाळेत एक रीत, राशन कार्डावर दुसरी आणि आधारवर तिसरी. पासपोर्टाच्या अर्जात मात्र दोनच रकाने असतात : आडनाव आणि दिलेले नाव. कोणी सारे नाव एकाच रकान्यात घालून मोकळा होतो. अमिरातींनी २०२२ च्या नोव्हेंबरात नियम केला, की पासपोर्टावर एकच नाव असलेल्या माणसाला पर्यटनाच्या वा भेटीच्या व्हिसावर प्रवेश मिळणार नाही. विमानतळावरून परत फिरलेल्यांना तेव्हा आडनावाच्या रकान्याची किंमत कळली.

तिकडे गेल्यावर नाव अरबीत लिहिले जाते. अरबीत ‘प’ नाही, ‘च’ नाही, ‘ट’ही नाही. पाटलाचा ‘बातील’ होतो, पवाराचा ‘बवार’. इकाम्यावर एक उच्चार, बँकेत दुसरा, इस्पितळात तिसरा असे झाले, तर पगार अडकतो. म्हणून इकामा हाती पडला की अरबी नाव, इंग्रजी नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टाचा क्रमांक ही चारही त्याच दिवशी ताडून पाहावीत. चूक लगेच दाखवली तर दुरुस्त होते. दोन वर्षांनी दाखवली तर तुम्ही ते नव्हेच, असे म्हणतात.

पासपोर्टासाठी आता हैदराबादच्या खेपा घालण्याची गरज राहिलेली नाही; आदिलाबादच्या टपाल कचेरीत पासपोर्ट सेवा केंद्र आहे. तेथे जाण्यापूर्वी मी-सेवा केंद्रात आणि शाळेत नावे एकसारखी करून घेणे, हे खरे काम. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागणार आहे, हे तरुण आईबापांनी ध्यानात ठेवावे.

कफील आणि खल्लीवल्ली

आखाती देशांत परक्या माणसाचे राहणे एका स्थानिक मालकाशी किंवा कंपनीशी बांधलेले असे. त्याला कफील म्हणतात, म्हणजे जामीन. इकामा काढायचा कफीलाने, नवा करायचा कफीलाने, सुटीवर जाण्याचा परवाना द्यायचा कफीलाने. सौदी अरेबियात आल्यापासून नव्वद दिवसांत इकामा मिळायला हवा, आणि त्याचा, त्याच्या नूतनीकरणाचा व उशिराच्या दंडाचा खर्च मालकाने सोसावा, असे तेथील कामगार कायद्याचे चाळिसावे कलम सांगते. मालकाने पासपोर्ट काढून घेणेही नियमाविरुद्ध आहे. पण कलम कागदावर असते आणि कपाटाची किल्ली मालकाकडे असते.

इकामा नसेल, तर बँकेत खाते नाही, टेलिफोनचे सिम नाही, घरी सरळ मार्गाने पैसे पाठवणे नाही, रस्त्यावरच्या तपासणीत उत्तर नाही. कामगार पळून गेला, अशी तक्रार कफीलाने नोंदवली की तिला ‘हुरूब’ म्हणतात. माणूस पगार मागायला कचेरीत गेलेला असला, तरी कागदावर तो फरारी होतो. अशा माणसाला आमच्याकडचे लोक ‘खल्लीवल्ली’ म्हणतात. मूळ अरबी बोलीत या शब्दाचा अर्थ ‘जाऊ दे, सोड’ असा काहीसा आहे. ज्याला साऱ्यांनी सोडले, त्याला हा शब्द किती नेमका बसला आहे!

माझ्या ओळखीच्या एका घरातील गोष्ट सांगतो. घरचा कर्ता मुलगा सौदीत गेला. मालकाने इकामा काढला नाही, पगार सहा महिने दिला नाही, आणि त्याने काम सोडताच हुरूब लावला. तो तीन वर्षे दिवसा खोलीत राही आणि रात्री बांधकामावर जाई. या काळात वडील वारले. त्याला येता आले नाही. धाकट्या भावाने अग्नी दिला आणि तो फोनवर ऐकत राहिला. २०१७ च्या मार्चअखेर सौदी सरकारने बेकायदा राहणाऱ्यांना दंडाशिवाय परत जाण्याची नव्वद दिवसांची मुदत दिली, तेव्हा त्याची सुटका झाली. पासपोर्ट मालकाकडेच राहिला होता. भारतीय दूतावासाने दिलेल्या एकाच प्रवासाच्या कागदावर, ज्याला आमच्याकडे ‘आउटपास’ म्हणतात, तो घरी आला. कर्ज तसेच होते. “मी चोरी केली नाही, कोणाला मारलं नाही, कागद नव्हता एवढंच,” असे तो म्हणे. एवढ्यातच सारे आले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की या पद्धतीत बदल होत आहेत. कतारने २०१८ साली बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट काढली, २०२० साली नोकरी बदलताना मालकाच्या संमतीची अट काढली आणि २०२१ च्या मार्चपासून महिना १००० रियाल किमान पगार लागू केला. सौदी अरेबियाने २०२१ च्या मार्चपासून कंपन्यांतील कामगारांना काही अटींवर नोकरी बदलण्याची आणि मालकाच्या संमतीविना ये-जा करण्याची मोकळीक दिली. घरकामगार व मेंढपाळ त्या सवलतीतून वगळले गेले. पेशाचा रकाना वाचा, असे वर म्हटले ते यासाठीच.

कागदाने माणूस ठरण्याची रीत

हे सारे अरबांचेच वैशिष्ट्य आहे, असे कोणी समजू नये. आपल्या देशातही १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या परदेशी माणसाला सामान्यतः चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. आणि आमच्या भागाला तर कागदाने आपला व परका ठरवण्याचा जुना अनुभव आहे. निजामाच्या राज्यात १९१९ च्या फर्मानाने मुलकी आणि गैरमुलकी असा भेद झाला. सरकारी नोकरीसाठी येथे जन्म किंवा पंधरा वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागे. १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि एकाच घरातील दोन भाऊ दोन राज्यांचे झाले. मुलकीचे नियम १९७३ साली रद्द झाले, पण तोवर त्या एका दाखल्यापायी दोन मोठी आंदोलने होऊन गेली होती. दाखला हा नुसता कागद नव्हे, तो कोणाला आत घ्यायचे याचा निवाडा असतो, हे आमच्या आजोबांना कळलेले होते.

फरक एवढाच, की मुलकी दाखल्यासाठी भांडायला माणूस आपल्या मुलखात, आपल्या भाषेत उभा होता. इकाम्यासाठी भांडणारा एकटा असतो.

अडचण आली तर

तो अगदीच एकटा राहू नये म्हणून काही दारे आहेत. परदेशातील भारतीय दूतावास हे पहिले. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर २०१५ पासून घरच्या माणसालाही तक्रार नोंदवता येते आणि तिचा क्रमांक मिळतो. २००९ साली सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडकलेल्यांचे तिकीट, तात्पुरता निवारा, कायद्याची मदत आणि शव परत आणण्याचा खर्च होऊ शकतो. तेलंगण सरकारची ‘टॉमकॉम’ ही कंपनी स्वतः परदेशातील नोकऱ्यांसाठी भरती करते. आखातात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला पाच लाख रुपये देण्याची योजनाही तेलंगण सरकारने २०२४ साली सुरू केली. पण या प्रत्येक दारावर पहिला प्रश्न हाच असतो : पासपोर्टाची प्रत आहे का?

म्हणून जाणाऱ्याच्या घरी पुढील गोष्टी एका फायलीत असाव्यात. पासपोर्टाच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत, व्हिसाची प्रत, सहीचा करार, विम्याचा कागद आणि त्यावर वारसाचे नाव, एजंटाचे नाव, परवान्याचा क्रमांक व दिलेल्या पैशाची पावती, मालकाचे नाव, गाव व फोन, आणि तिकडे पोहोचल्यावर इकाम्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र. पैसे रोख न देता बँकेतून द्यावेत, म्हणजे पावती नाकारली तरी खूण राहते. हे सर्व करायला एक सकाळ लागते.

शेवटी आपल्याविषयी. आपण महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकतो, राज्यशास्त्र शिकतो, करार म्हणजे काय याची व्याख्या परीक्षेत लिहितो. आपल्याच गल्लीतील माणूस मात्र न वाचलेल्या करारावर अंगठा किंवा सही करून विमानात बसतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. ती कामे चांगलीच आहेत. त्यांच्याबरोबर एका दिवसासाठी गावच्या चावडीवर टेबल मांडून बसावे आणि ज्याला जायचे आहे त्याचे कागद वाचून द्यावेत, असे मला सुचवावेसे वाटते. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू जाणणारे विद्यार्थी या महाविद्यालयात एकाच बाकावर बसतात. एवढ्या भाषा एका टेबलाशी जमल्या, तर कोणताही व्हिसा न वाचलेला राहण्याचे कारण नाही. जायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे; पण आपण कोणत्या कागदावर जात आहोत, हे त्याला घर सोडण्यापूर्वी ठाऊक असावे.